सहा महिन्यांची नोटीस, दोन वर्षांचं काम

एखाद्या औषधाचं उत्पादन कायमचं थांबवायचं ठरलं, तर कंपनीनं ते किती आधी सांगायला हवं? अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानं जीवरक्षक औषधांसाठी ही मुदत सहा महिने ठेवली. युरोपीय संघात ती साधारणपणे दोन महिने आहे. आता तेच औषध दुसऱ्या कारखान्यात उभं करायला किती वेळ लागतो ते पाहा. यंत्रांची जुळणी, चाचणीपद्धतींचं हस्तांतर, चाचणी बॅच, व्हॅलिडेशनच्या म्हणजे पद्धत दर वेळी तेच औषध देते हे सिद्ध करणाऱ्या बॅच, स्टॅबिलिटी म्हणजे औषध मुदतीपर्यंत टिकतं का याची तपासणी, आणि मग नियामकाची मंजुरी. सगळं सरळ पार पडलं तरी गोळ्यांना दीड वर्ष आणि निर्जंतुक इंजेक्शनला दोन ते अडीच वर्षं लागतात. या दोन मुदतींमधलं जे अंतर आहे, त्यात रुग्ण अडकतो.

जुन्या औषध कारखान्याचं काय करायचं, हा प्रश्न संचालक मंडळासमोर बहुतेक वेळा पैशांचा म्हणून येतो. दुरुस्त करायचा, नवा बांधायचा, विकायचा की बंद करायचा? प्रत्येक पर्यायापुढे एक रक्कम लिहिलेली असते. माझं म्हणणं असं आहे की हा आधी वेळेचा प्रश्न आहे. चारपैकी कुठलाही पर्याय निवडा, कामाला काही वर्षं लागतात, आणि ती वर्षं कारखाना चालू असतानाच हातात असतात. तपासणीत नापास झाल्यावर किंवा बॅच परत मागवावी लागल्यावर निर्णय घ्यायला बसलं, तर निवडण्यासारखं काही उरत नाही.

ओहायोतल्या बेडफर्डचा बेन व्हेन्यू कारखाना हे याचं ठसठशीत उदाहरण. कॅन्सरवरची कितीतरी जुनी इंजेक्शनं तिथं भरली जात. गुणवत्तेच्या तक्रारी साचत गेल्या आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीला उत्पादन थांबवावं लागलं. डॉक्सिल, म्हणजे लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध, तिथंच तयार होई. लहान मुलांच्या ल्युकेमियात लागणारं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मेथोट्रेक्सेटही तिथून येई. तुटवडा इतका झाला की फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, डॉक्सिलऐवजी लिपोडॉक्स हे त्या देशात मंजुरी नसलेलं औषध तात्पुरतं आयात करू दिलं. मालक कंपनी बोरिंगर इंगेलहाइमनं त्या कारखान्याच्या सुधारणेवर ३५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झालं, की पुढच्या पाच वर्षांत सुमारे ७० कोटी डॉलरचा तोटा दिसतो आहे आणि वर्षअखेरीस उत्पादन बंद होईल. पैसा कमी पडला असं इथं म्हणता येत नाही. तो पाच-सात वर्षं उशिरा आला.

कारखाना जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण इमारतीच्या वर्षांवरून ते कळत नाही. तीस वर्षांचा गोळ्यांचा कारखाना ठणठणीत असू शकतो आणि बारा वर्षांची इंजेक्शनची लाईन मोडकळीला आलेली असू शकते.

पाहायच्या गोष्टी चार. पहिली हवा. क्लीनरूमची, म्हणजे धूळ आणि जंतूंपासून जपलेल्या खोलीची, प्रकृती चकचकीत भिंतींवरून कळत नाही, ती हवा गाळून खेळवणाऱ्या, छतावरच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये असते. वेगवेगळ्या दर्जाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत किमान १० पास्कल दाबफरक राखावा लागतो. १० पास्कल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. दाराखालची रबरी पट्टी झिजली, डक्टच्या सांध्यातलं गॅस्केट वाळलं, पंख्याचा पट्टा सैल झाला, की तेवढा दाब सहज निघून जातो. मग मेंटेनन्सचा माणूस वर जाऊन एक डॅम्पर, म्हणजे हवेचा प्रवाह कमीजास्त करणारी झडप, थोडा फिरवतो. खोलीचा दाब जागेवर येतो, पण ती हवा शेजारच्या एअरलॉकच्या, म्हणजे दोन दारांमधल्या छोट्या खोलीच्या, वाट्याची असते. आठवड्यानं एअरलॉकचा अलार्म वाजतो. मग तिथला डॅम्पर फिरतो. अशी दहा वर्षं गेली की मूळ एअर बॅलन्सिंगच्या अहवालातला एकही आकडा आजच्या प्रवाहाशी जुळत नाही, आणि प्रत्येक खोलीची नोंदवही मात्र आपापल्या परीनं बरोबर दिसते. अशा यंत्रणेत कुणी सद्भावनेनं जास्त दाट हेपा फिल्टर बसवले, तर त्यांच्या वाढीव रोधापुढे जुन्या पंख्याची मोटर कमी पडते. हवा स्वच्छ होते, पण पुरेशी येत नाही. खोलीतले हवाबदल घटतात, आणि माणसानं उडवलेले कण बाहेर जायला जास्त वेळ घेतात.

दुसरं पाणी. इंजेक्शनच्या गरम पाण्याच्या लूपमध्ये, म्हणजे पाणी सतत फिरवत ठेवणाऱ्या पाईपच्या वेढ्यात, ३१६एल या स्टेनलेस पोलादावर कालांतरानं लालसर थर चढतो. त्याला रूज म्हणतात. पंपाचं केसिंग उघडून आतून पांढरं कापड फिरवलं की कापडावर विटकरी रंग उतरतो. गंमत नाही, धोका हा की त्याच दिवशी पाण्याच्या सगळ्या चाचण्या उत्तम येतात: कंडक्टिव्हिटी २५ अंशांना १.३ मायक्रोसीमेन्सच्या आत, सेंद्रिय कार्बन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. आम्लानं थर काढून पॅसिव्हेशन केलं, म्हणजे पोलादाचं संरक्षक आवरण परत आणलं, की पाईप पुन्हा उजळतो, पण खडबडीत झालेला पृष्ठभाग गुळगुळीत होत नाही आणि पुढचा थर आधीपेक्षा लवकर चढतो. याहून वाईट म्हणजे बंद फांद्या. पंधरा वर्षांपूर्वी एक यंत्र काढलं, त्याला पाणी देणारा पाईप टोपण लावून तसाच ठेवला. फांदीची लांबी तिच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त नको, हा नेहमीचा नियम. ही फांदी हातभर लांब. लूप ८० अंशांवर फिरतो, फांदीतलं पाणी मात्र कोमट आणि स्थिर. तिथं जीवाणूंचा बुळबुळीत थर जमतो, तो महिनोन्महिने गप्प असतो, आणि एखाद्या दिवशी पुढच्या पॉइंटवर १०० मिलिलिटरमागे १० वसाहतींची मर्यादा ओलांडली जाते. लूप सॅनिटाइझ होतो, पुन्हा नमुना घेतात, तो स्वच्छ येतो आणि डेव्हिएशन, म्हणजे ठरल्याबाहेर काही घडल्याची नोंद, ‘नमुना घेताना झालेली चूक’ म्हणून बंद होतं. हे कारण ज्या कारखान्यात वर्षातून तीनदा लिहिलं जातं, तिथं हातात ड्रॉइंग घेऊन फॉल्स सीलिंगच्या वर चढावं आणि पाईप न् पाईप कागदाशी ताडून पाहावा. जुन्या कारखान्याबद्दल त्या एका दिवसात जे कळतं, ते सल्लागारांच्या जाडजूड अहवालातून कळत नाही.

तिसरं नियंत्रण. ऑटोक्लेव्हचं (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) किंवा भरणयंत्राचं पॅनेल विंडोज एक्सपीवर चालतं, ज्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. पीएलसीचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, मॉडेल बनणं बंद झालेलं असतं आणि सुटे भाग वापरलेल्या मालाच्या बाजारातून आणले जातात. सगळ्या पाळ्यांना एकच पासवर्ड असतो, कारण सॉफ्टवेअरला वेगवेगळे वापरकर्ते ठाऊकच नाहीत. पूर्वी हे चालून गेलं. आज कोणती नोंद कोणी केली आणि कोणी बदलली हे दाखवता आलं नाही, तर औषध उत्तम असूनही बॅचवर प्रश्नचिन्ह लागतं.

आणि चौथी रचना, जिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जातं. माणसं आणि माल एकाच कॉरिडॉरमधून. भरणकक्ष इतका ठेंगणा की वर हवेचे डक्ट आल्यावर आयसोलेटर, म्हणजे माणसाला औषधापासून दूर ठेवणारी बंद पेटी, मावत नाही. पहिल्या मजल्याचा स्लॅब काही टनांचं यंत्र झेलायला बांधलेलाच नाही. औषध गोठवून निर्वातात सुकवणाऱ्या फ्रीझ ड्रायरचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. युरोपीय संघाच्या औषधनिर्मिती नियमांतल्या, निर्जंतुक औषधांसाठीच्या परिशिष्ट १ ची नवी आवृत्ती २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. त्यातल्या एका कलमाला मात्र आणखी एक वर्ष दिलं गेलं, ते फ्रीझ ड्रायरचं. त्यातली एक अट अशी, की आयसोलेटरसारखा अडसर नसताना माणसं हातानं वायल (औषधाच्या कुप्या) आत-बाहेर करत असतील, तर प्रत्येक लोडआधी ड्रायर निर्जंतुक केलेला असला पाहिजे. जुन्या ड्रायरचं चेंबर फक्त निर्वात पोकळी सोसण्यासाठी बनवलेलं असतं. १२१ अंशांची वाफ आत सोडली की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त होतो. बाहेरून आत दाबणारं बळ झेलायला घडवलेल्या दारावर आणि बिजागऱ्यांवर तो दाब आतून बाहेर पडतो. असं चेंबर पुढे ‘अपग्रेड’ होत नाही, ते बदलावंच लागतं. नवं आणायचं तर भिंत फोडावी लागते, आणि भिंत फोडली की शेजारची भरणलाईन थांबते.

म्हणून पाहणीतून निघालेल्या दोषांचे दोनच ढीग करावेत. पंप, पट्टे, फिल्टर, पाईप, पीएलसी, फरशीवरचं इपॉक्सी हे पैसे आणि शटडाऊन मिळाला की सुटतात. छताची उंची, स्लॅबची ताकद, माणसं आणि माल यांच्या वाटा, चेंबरची दाबक्षमता हे त्या इमारतीत सुटतच नाहीत. दुसऱ्या ढिगातली एखादी गोष्ट आजच्या नियमांची गरज असेल, तर त्या इमारतीतून ते औषध बाहेर काढायचं ठरलंच समजा, आणि त्या दिवसापासून पहिल्या ढिगावरचा खर्च फक्त बाहेर पडेपर्यंतच्या सुरक्षिततेपुरता ठेवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. पहिला ढीग सोपा म्हणून त्यावर वर्षानुवर्षं खर्च होतो, आणि ‘एवढा पैसा घातला आहे, आता कसं सोडायचं’ हेच दुसऱ्या ढिगाकडे न पाहण्याचं कारण होऊन बसतं.

यावरून माझा कल स्पष्ट आहे. साध्या गोळ्या-कॅप्सूलचा कारखाना शक्य तोवर जागेवरच सुधारावा. तिथं खोलीखोलीनं काम करता येतं, धुळीचा बंदोबस्त केला आणि क्रॉस-कंटॅमिनेशन, म्हणजे एका औषधाचा अंश दुसऱ्यात मिसळणं, टाळलं की इमारत आणखी वीस वर्षं सेवा देते. पाडून नवा बांधणं हा तिथं बहुतेक वेळा हौसेचा खर्च असतो. निर्जंतुक भरण मात्र वेगळं. चालू भरणकक्षाच्या शेजारी बांधकाम काढणं म्हणजे बुरशीच्या बीजाणूंना आमंत्रण. जिप्समची भिंत कापली, जुनं इन्सुलेशन उघडलं की अ‍ॅस्परजिलससारख्या बुरश्यांचे बीजाणू मोकळे होतात, आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत, बीजाणूनाशकच लागतं. तात्पुरत्या भिंती, ऋण दाब, वेगळी वाट, वेगळे बूट असा सगळा बंदोबस्त करूनही काम संपल्यावर धुराची चाचणी, कणमोजणी, पृष्ठभागांचे नमुने आणि सलग तीन मीडिया फिल यशस्वी व्हावे लागतात. मीडिया फिलमध्ये औषधाऐवजी जीवाणूंना पोसणारं द्रावण हजारो वायलमध्ये भरून चौदा दिवस उबवतात, आणि एकही वायल गढूळ होऊ नये ही अपेक्षा असते. एक झाली की शोध सुरू, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘आधी साठा करून ठेवू, मग शटडाऊन घेऊ.’ हे गणित कागदावर मांडून पाहा. समजा शटडाऊन सहा महिन्यांचा आणि वर दोन महिन्यांची उसंत, म्हणजे आठ महिन्यांचा साठा हवा. जुनी लाईन आधीच जवळपास पूर्ण क्षमतेनं चालते. ओव्हरटाइम, रविवार धरून ती मागणीपेक्षा फार तर १५ टक्के जास्त काढेल. दर महिन्याला ०.१५ महिन्याचा साठा जमतो. आठ महिन्यांचा जमायला ५३ महिने, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं. औषधाची मुदतच दोन वर्षांची असेल, तर सुरुवातीला जमवलेला साठा शटडाऊनच्या आधीच बाद होतो. त्यात भर अशी की जास्तीचं उत्पादन काढण्यासाठी ज्या लाईनला पिळायचं, तीच थकलेली असते. पिळलेली लाईन मध्येच बंद पडणं हे तुटवड्याचं नेहमीचं कारण आहे. तेव्हा निर्जंतुक औषधासाठी खरा मार्ग एकच उरतो: जुना चालू असतानाच नवा किंवा दुसरा कारखाना तयार करायचा, आणि काही काळ दोन्ही चालवायचे. हा दुहेरी खर्च प्रस्तावात दिसला की तो कापला जातो. तो कापणं म्हणजे तुटवडा मंजूर करणं.

मुख्य मुद्दा इथंच आहे. निर्णय कारखान्याचा म्हणून घेऊच नये, औषधाचा म्हणून घ्यावा. जुन्या कारखान्यात वीस-पंचवीस औषधं असतात. प्रत्येकाची एक ओळ लिहा. ते आणखी कोण बनवतं, आणि त्यांचा कारखाना खरोखर वेगळा आहे की तेही याच लाईनवर भरून घेतात? हा दुसरा प्रश्न विसरू नका, वेगवेगळ्या नावांची तीन लेबलं एकाच यंत्रावर लागलेली असतात. रुग्णाला पर्यायी औषध आहे का? किती देशांत नोंदणी आहे? कच्चा माल कुणाकडून? डेव्हलपमेंटचे कागद सापडतात का? एवढं लिहिलं की पंचविसातली पंधरा औषधं अशी निघतात जी इतर पाच-सहा जण बनवतात. ती सोडली तर कुणाचं बिघडत नाही. सात-आठ सहज हलवता येतात. उरलेली दोन-तीन अशी असतात, की जी फक्त इथंच बनतात, स्वस्त असतात, आणि त्यांच्यावाचून चालत नाही. कारखान्याचं वेळापत्रक या दोन-तीन औषधांनी ठरवलं पाहिजे. नफ्याच्या क्रमानं यादी लावली की तीच नेमकी तळाला जातात.

एकाच कारखान्यावर भिस्त असली की काय होतं, ते २००९ मध्ये बॉस्टनमधल्या ऑल्स्टनला दिसलं. जेन्झाइमच्या तिथल्या कारखान्यात पेशी वाढवण्याच्या टाकीत वेसिव्हायरस २११७ हा विषाणू शिरला. माणसाला तो आजारी पाडतो असं दिसलेलं नाही, पण कामाच्या पेशींची वाढ त्यानं खुंटली आणि जूनमध्ये उत्पादन थांबवून सगळं निर्जंतुक करावं लागलं. गोशे आजारावरचं सेरेझाइम आणि फॅब्री आजारावरचं फॅब्राझाइम तिथून येत असे. रुग्णांना डोस कमी करून, वाटून घ्यावे लागले. पर्यायी कारखाना फ्रेमिंगहॅमला उभा होत होता, तो त्या वेळी तयार नव्हता.

‘हलवणं’ या शब्दात किती काम आहे, हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. जुन्या औषधाच्या बॅच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं, ‘योग्य ओलसरपणा येईपर्यंत मिसळा’. योग्य म्हणजे काय, ते ग्रॅन्युलेशनवरच्या, म्हणजे पावडरचे दाणे करणाऱ्या, ऑपरेटरच्या मुठीत असतं. तो ओलं मिश्रण मुठीत दाबतो, गोळा होतो का बघतो, अंगठ्यानं फोडतो, आणि तो कसा फुटतो त्यावरून ‘झालं’ म्हणतो. नव्या कारखान्यात मिक्सरचं भांडं वेगळ्या आकाराचं, पात्याचा वेग वेगळा. तिथं तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ दिला तरी दाणा घट्ट होतो, गोळी उशिरा विरघळते आणि डिसोल्युशन नापास होतं. त्या ऑपरेटरच्या निवृत्तीआधी मोटरचा अँपिअरचा आलेख आणि दाण्यातली आर्द्रता दहा-पंधरा बॅचवर नोंदवून ठेवली, तर हे ज्ञान कागदावर उतरतं. नंतर ते कुठल्याही पैशानं मिळत नाही. फ्रीझ ड्रायरचंही असंच. शेल्फचं तापमान आणि दाब तेच ठेवले, तरी चेंबर आणि कंडेन्सर यांच्यामधली नळी अरुंद असेल तर वाफ निघता निघत नाही, चेंबरचा दाब चढतो आणि वायलमधला पांढरा चकतीसारखा केक बसून जातो.

शिवाय फाईल उघडली की जुने प्रश्नही उघडतात. चाळीस वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या औषधात तेव्हा दोनच अशुद्धी मोजल्या जात. कारखाना बदलण्याचा अर्ज केला की आजच्या निकषांवर विचारणा होते, आणि जुलै २०१८ मधल्या व्हॅल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधाच्या प्रकरणानंतर नायट्रोसामिनचा, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेल्या अशुद्धींचा, प्रश्न तर ठरलेलाच. त्याची चाचणीपद्धत बसवायलाच काही महिने जातात. व्हॅलिडेशनच्या किमान तीन बॅच, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिन्यांपर्यंतची स्टॅबिलिटी, मग मंजुरी. अमेरिकेत जेनेरिक औषधाच्या अशा बदलाच्या अर्जाचं उद्दिष्ट सहा महिने, आणि तपासणी लागणार असेल तर दहा. हे एका देशाचं झालं. औषध तीस देशांत जात असेल, तर तीस अर्ज आणि तीस वेळापत्रकं. शेवटच्या देशाची मंजुरी येईपर्यंत जुना कारखाना त्या एका देशासाठी तरी चालू ठेवावा लागतो.

म्हणूनच सहा महिन्यांची नोटीस मला अपुरी वाटते. ज्या आवश्यक औषधाचा तो एकमेव किंवा मुख्य कारखाना आहे, त्याच्यासाठी ती किमान दोन वर्षांची असावी, आणि बंद होण्याची तारीख पर्यायी कारखान्याच्या मंजुरीला बांधलेली असावी. ही माहिती पहिल्या वर्षात फक्त नियामकाकडे, गोपनीय राहावी. त्याला सबळ कारण आहे. ‘दोन वर्षांनी बंद’ ही बातमी फुटली, की दुसऱ्या महिन्यापासून अनुभवी माणसं नोकऱ्या शोधू लागतात. आधी जातात ते क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) मायक्रोबायोलॉजिस्ट आणि ऑटोमेशनचे इंजिनिअर, कारण त्यांना सगळीकडे मागणी असते. शेवटच्या वर्षातल्या बॅच नवख्यांच्या हातून निघतात, आणि डेव्हिएशन वाढतात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याला मोठी ठरावीक रक्कम देण्याचा लेखी करार पहिल्याच आठवड्यात व्हावा. ती रक्कम एका वाया गेलेल्या बॅचपुढे किरकोळ असते, आणि ज्यांनी तीस वर्षं कारखाना चालवला त्यांचा तो हक्कही आहे.

‘एवढं सगळं करायला या औषधात पैसा कुठं आहे?’ असा मालकांचा आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. एफडीएनं २०१९ मध्ये तुटवड्यांच्या मुळांवर अहवाल काढला. २०१३ ते २०१७ या काळात तुटवडा झालेल्या १६३ औषधांपैकी ६२ टक्क्यांच्या मागे उत्पादनाचे किंवा गुणवत्तेचे प्रश्न होते. त्याच अहवालानं हेही सांगितलं, की कमी नफ्याची औषधं बनवत राहायला कुणाला प्रोत्साहन नाही, आणि चांगली गुणवत्ता-व्यवस्था राखणाऱ्याला बाजार त्याचं मोल देत नाही. खरेदीदार सर्वांत कमी भावाची निविदा उचलतो, आणि त्या भावात नव्या एअर हँडलिंग युनिटचा पैसा नसतो. कारखाना जुना होण्याची सुरुवात तिथं होते. सरकारी आणि मोठ्या रुग्णालयांच्या खरेदीनं आवश्यक इंजेक्शनची मागणी दोन वेगळ्या कारखान्यांत वाटावी, वर्षाच्या निविदेऐवजी पाच वर्षांचा करार करावा, आणि भाव ठरवताना कारखान्याची स्थिती पाहावी. पाच वर्षांच्या करारावर बँक कर्ज देते, वर्षाच्या निविदेवर देत नाही. पण हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट मालकांना सोडता येत नाही. पैसा नाही हे त्यांना पाच वर्षं आधी ठाऊक असतं. ते त्यांनी तेव्हाच नियामकाला सांगावं.

विकण्याचा पर्याय कागदावर सर्वांत नीटनेटका दिसतो, पण त्यातून प्रश्न सुटतोच असं नाही. घेणारा अनेकदा परवान्यांसाठी आणि डॉसियरसाठी (औषधाच्या नोंदणीच्या फाईलसाठी) घेतो, इमारत दोन वर्षांत बंद करतो. विक्रीच्या करारात त्या दोन-तीन औषधांचा पुरवठा किती वर्षं चालू ठेवायचा, हे कलम नसेल, तर ती विक्री म्हणजे दुसऱ्याच्या हातानं केलेली टाळेबंदी.

बंद करायचाच ठरला, तर शेवटची बॅच निघाली त्या दिवशी कारखाना बंद झाला असं समजण्याची चूक सर्रास होते. पेनिसिलिनचा कारखाना असेल तर इमारत दुसऱ्या औषधाला देणं जवळपास अशक्य. पावडर डक्टमध्ये, केबल ट्रेवर, फॉल्स सीलिंगच्या मागच्या बाजूला बसलेली असते, आणि संवेदनशील माणसाला तिचा कणही पुरतो. कॅन्सरच्या आणि हार्मोनच्या औषधांचे ड्रेन, खड्डे, फिल्टर वेगळे काढून जाळावे लागतात. छापील लेबलं, फॉइल आणि नाव कोरलेले पंच मोजून, साक्षीनं नष्ट करायचे. भंगारात गेलेला पंचांचा एक संच बनावट गोळ्या पाडायला पुरतो. क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीची, मूळ माहिती ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते उघडणारा एक संगणक चालू स्थितीत जपून ठेवायचा.

आणि बाजारात माल असतोच. तीन वर्षांची मुदत असलेल्या औषधाची शेवटची बॅच २०२६ मध्ये निघाली, तर ती २०२९ पर्यंत कुणीतरी घेत असतं. तोवर तिची स्टॅबिलिटी तपासत राहायची, तक्रारी घ्यायच्या, गरज पडली तर माल परत मागवायचा. राखीव नमुने आणि बॅचचे कागद मुदत संपल्यावर आणखी किमान एक वर्ष, कागदांच्या बाबतीत कधी त्याहूनही जास्त, सांभाळायचे. म्हणजे २०३० उजाडतं. इमारत पाडून झालेली असते, नावाची पाटी निघालेली असते. बंद करण्याच्या आराखड्यात त्या वर्षापर्यंतची ओळ असावी: नमुन्यांची खोली कुठं आहे, तिचं तापमान कोण नोंदवतं, आणि डबीवर छापलेल्या क्रमांकावर फोन आला तर तो कोण उचलतं.